खुब्याचं ऑपरेशन यशस्वी, पण आई खूश नाही. कोणाला असा अनुभव?

स्नेहा_मुलुंड

नमस्कार मंडळी. आईचं (वय ६८) उजव्या खुब्याचं टोटल हिप रिप्लेसमेंट होऊन चारेक महिने झाले. दोन-तीन वर्षं जांघेत दुखत होतं, फॅमिली डॉक्टर कंबर कंबर म्हणून गोळ्या देत राहिले, मग एक्सरेत कळलं की खुब्याचा सांधा पार झिजलाय. शेवटी शेवटी तर रात्री कूस बदलली तरी कळ यायची आणि घरातल्या घरात ओट्याला, दाराला, कपाटाला धरत धरत फिरायची.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जन एक्सरे दाखवून म्हणाले अगदी मनासारखा बसलाय सांधा. आणि आधीचं ते दुखणं खरंच गेलंय, हे आई स्वतः कबूल करते. तरीपण कोणी विचारलं कसं वाटतंय तर "चाललंय" एवढंच. मावशीला फोनवर मात्र सांगत होती की उगाच केलं गं, आधी काय एवढं वाईट होतं. हे दादाने ऐकलं आणि त्याचं डोकं फिरलं, कारण मेडिक्लेमच्या वरचे सगळे पैसे त्याने भरलेत.

तक्रारी विचारल्या तर तीन निघाल्या. एक, ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. दोन, थोडं जास्त चाललं की लंगडते. तीन, खाली बसता येत नाही. आता ही तिसरी तुम्हाला किरकोळ वाटेल पण तिचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी, सगळ्या सतरंजीवर गोल बसतात आणि ही एकटी मागे खुर्चीवर. एक-दोनदा गेली आणि मग जायचंच बंद केलं.

तर प्रश्न असा की चार महिन्यांत एवढं विचारणं ही आमची घाई आहे का? की काहीतरी बिनसलंय? ज्यांचं स्वतःचं किंवा घरात कोणाचं झालंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा, यूट्यूबवरचे नाचणारे पेशंट बघून झालेत.

लोकलवाला

स्नेहाताई, माझे दोन्ही झालेत आणि वय आहे ४१. कोविडमध्ये स्टिरॉइडचे बरेच डोस झाले होते, नंतर वर्षाच्या आतच जांघेत दुखायला लागलं, एमआरआयमध्ये एव्हीएन निघालं, म्हणजे खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा बंद होऊन हाड आतून मरतं आणि मग बॉल चपटा होतो. २०२१ मध्ये माहीमच्या हिंदुजातल्या डॉक्टरांनी कोविडनंतरच्या अशा केसेस छापल्या होत्या, पेशंट चाळिशीच्या आतले. तेव्हा पेपरात वाचलं होतं आणि म्हटलं बिचारे, पुढे आपलाच नंबर लागला.

मी किती समाधानी? दहापैकी दहा. पण त्याचं कारण ऐका. मी डोंबिवलीहून फोर्टला जातो. ऑपरेशनआधी दिव्यांग डब्यात सुद्धा पाय वर टाकता येत नव्हता, प्लॅटफॉर्म आणि गाडी यातलं ते अंतर बघितलं की घाम फुटायचा, मागचा माणूस ढकलायचा म्हणून चढायचो. आता पूल चढून उतरून साध्या डब्यात जातो. मला एवढंच पाहिजे होतं आणि तेवढंच मिळालं, म्हणून दहा. पळत गाडी पकडत नाही, क्रिकेट सोडलं, त्याचं वाईट वाटतं पण मार्क त्यात कापत नाही.

तुमच्या आईला काय पाहिजे होतं हे ऑपरेशनच्या आधी कोणी विचारलं होतं का? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

खवचट_आजोबा

चार महिन्यांत भजनाला जाऊन आल्या, तेही खुर्चीवर बसून, आणि वर कुरकुर करायची ताकद आहे. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

शंकासुर

माझा अनुभव वाईट आहे, लिहू की नको असं झालं होतं. माझी आत्या ८१ वर्षांची, बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून बॉल बदलला. डॉक्टर म्हणाले सक्सेसफुल. त्यानंतर ती वॉकरच्या पलीकडे कधी गेली नाही आणि वर्ष व्हायच्या आत गेली. त्यामुळे हे यशस्वी वगैरे शब्द ऐकले की मला हसू येतं.

परळची_सिस्टर

शंकासुर, वाईट वाटलं. पण या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. ऑर्थो वॉर्डात माझी उभी नोकरी गेली म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

पडून खुबा मोडला की जे करतात ते बहुतेक वेळा अर्धं बदलणं असतं, फक्त बॉल, आणि वाटी, म्हणजे बॉल ज्यात फिरतो ती खोबण, पेशंटची स्वतःचीच ठेवतात, बायपोलर वगैरे म्हणतात ते. तिथे पेशंट आधीच थकलेला, हाडं ठिसूळ, हृदयाचं, किडनीचं काहीतरी चालू असतं, आणि ऑपरेशन दुखणं घालवायला नाही तर बेडवरून उठवायला करतात, कारण झोपून राहिलं की न्यूमोनिया, बेडसोअर, पायात रक्ताच्या गाठी हे सगळं रांगेत उभंच असतं. त्या वयात खुबा मोडल्यावर पहिल्या वर्षात बरेच पेशंट जातात, ऑपरेशन उत्तम झालं तरी. झिजलेल्या खुब्याचं ठरवून केलेलं ऑपरेशन हा वेगळाच प्रकार आहे.

या ठरवून केलेल्या ऑपरेशनचं नाव एवढं मोठं उगाच झालेलं नाही. चार्नली नावाच्या इंग्रज सर्जनने १९६२ मध्ये स्टीलचा छोटा बॉल आणि पॉलिथिनची वाटी अशी जोडी बसवली. त्याच्या आधी टेफ्लॉनची वाटी वापरून बघितली होती, ती भराभर झिजली आणि पेशंट परत आले, ती सगळी निस्तरून मग हे जमलं. २००७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकाने याला शतकातलं ऑपरेशन म्हटलं होतं. २०१९ मध्ये तिथेच निरनिराळ्या देशांचे आकडे एकत्र करून आलं की बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. आणि ते तेव्हाचे जुने सांधे, आताच्या वाट्या बऱ्याच सुधारलेल्या आहेत.

समाधानाचं म्हणाल तर गुडघ्यापेक्षा खुब्याचे पेशंट नेहमीच जास्त खूश असतात. गुडघ्यात पाचातला एक जण नाराज असं सर्रास सांगितलं जातं, खुब्यात नाराजांचं प्रमाण त्यापेक्षा बरंच कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि जे नाराज असतात त्यांचा एक्सरे अनेकदा छानच असतो. एक्सरेत धातू दिसतो, बाई दिसत नाही.

आता स्नेहा, तुझ्या आईच्या पायाबद्दल. खुबा झिजत जातो तेव्हा तो पाय हळूहळू थोडा आखूड होतो आणि शरीर कंबर तिरकी करून जमवून घेतं, वर्षानुवर्षं. ऑपरेशनमध्ये लांबी परत आणली की अचानक तो लांब वाटतो, त्यातून खुब्याभोवतीचे स्नायू आखडलेले असतात म्हणून कंबर एका बाजूला ओढलेली राहते. हे पुष्कळांना वाटतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत जातं. कधी कधी सर्जनना सांधा घट्ट राहावा म्हणून खरंच दोन-चार मिलिमीटर लांब ठेवावं लागतं, सैल ठेवला तर निखळण्याची भीती. एक सेंटीमीटरपर्यंतचा फरक बऱ्याच जणांना कळतही नाही. फिजिओला सांग उभं करून, दुसऱ्या पायाखाली पातळ फळ्या ठेवत मोजायला, म्हणजे खरा फरक किती आणि कंबरेच्या तिरकेपणाचा किती ते कळेल. चपलेत टाच लावायची घाई मात्र करू नका. आत्ताच लावली तर आखडलेले स्नायू तसेच राहतात.

लंगडण्याबद्दल, काठी कुठल्या हातात धरतात?

स्नेहा_मुलुंड

सिस्टर, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप खूप धन्यवाद. काठी उजव्या हातात धरते, ज्या बाजूचं ऑपरेशन त्याच बाजूला. घरात तर काठी घेतच नाही, लाज वाटते म्हणते.

परळची_सिस्टर

डाव्या हातात द्या! शंभरातल्या नव्वद लोकांना हे सांगावं लागतं. उजवा पाय टेकताना डाव्या हातातली काठी टेकायची, म्हणजे खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंवरचा भार कमी होतो. त्याच बाजूला धरली तर माणूस त्या बाजूला झुकतो आणि लंगडणं वाढतं. हेच स्नायू ऑपरेशनआधी दुखण्यामुळे कित्येक महिने नीट वापरलेले नसतात, त्यामुळे ते कमजोर, त्यामुळे लंगड. सांध्याचा दोष नाही. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा व्यायाम करतात का त्या? की फिजिओ बंद केला?

स्नेहा_मुलुंड

घरी यायचा फिजिओ सहा आठवड्यांनी बंद केला, टाके सुकले, चालायला लागली, आता काय असं सगळ्यांनाच वाटलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला, त्यामुळे बाहेर सेंटरला जाणंही कमीच.

हाडं_मोजणारा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घाटकोपर-विक्रोळी पट्ट्यात घरोघरी जातो. सहा आठवड्यांनी बंद ही गोष्ट मी रोज बघतो. टाके निघाले, दुखणं गेलं, वॉकर गेला की घरच्यांच्या दृष्टीने विषय संपला, पण ताकद येण्याचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. दुखण्यातली सुधारणा पटकन होते, पहिल्या तीन महिन्यांतच मोठा भाग. चाल, तोल, ताकद हे वर्षभर सुधारत राहतं. तेव्हा चार महिने म्हणजे निकाल लावायला लवकर आहे, आणि हातावर हात ठेवून बसायला उशीर.

जिन्याचं एक लक्षात ठेवा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. तिसरा मजला आहे तर तोच व्यायाम समजा, प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. समाधान मोजायची रीत आहे. ऑक्सफर्ड हिप स्कोअर म्हणून १२ प्रश्न असतात, पेशंटने स्वतः भरायचे, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८, जास्त म्हणजे चांगलं. दुखतं किती, अंघोळ करून अंग पुसता येतं का, गाडीत किंवा बसमध्ये चढता-उतरता येतं का, मोजे घालता येतात का, बाजारहाट करता येते का, न दुखता किती वेळ चालता, जिना, जेवून खुर्चीतून उठताना दुखतं का, लंगडता का, अचानक कळ येते का, कामात अडथळा येतो का, रात्री झोपेत दुखतं का. इंग्लंडमध्ये २००९ पासून सरकारी खर्चाने खुबा बदलणाऱ्या पेशंटकडून ऑपरेशनआधी आणि सहा महिन्यांनी असे फॉर्म भरून घेतात आणि तिथे सरासरी २० च्या वर गुण वाढतात. हे फार मोठं आहे, फार थोड्या ऑपरेशनांत एवढा फरक दिसतो.

पण गंमत बघा, या १२ प्रश्नांत जमिनीवर बसता येतं का हा प्रश्नच नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, संडासाचं नाही. ऑक्सफर्डला कोणाला पडला असेल तो प्रश्न? त्यामुळे आपल्याकडचा पेशंट ४८ पैकी ४५ मिळवून पण "काय उपयोग, देवासमोर बसता येत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फॉर्मच त्याला विचारायचं विसरलेला असतो. एक नवा स्कोअर आहे, २०१२ मधला, फॉर्गॉटन जॉइंट म्हणतात, म्हणजे दिवसभरात आपल्याला सांधा आहे याचा विसर पडतो का हे बघतात. त्यात निदान खालून उठताना, खडबडीत रस्त्यावर चालताना असं काहीतरी येतं.

तुम्ही एक करा, आईला शेजारी बसवून हे प्रश्न विचारा. दोनदा. एकदा आत्ताचं, एकदा ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातलं आठवून.

खवचट_आजोबा

आमचे हे फिजिओ साहेब पेपर काढून आईची परीक्षा घेतायत. नापास झाली तर एटीकेटी आहे का?

स्नेहा_मुलुंड

काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो आम्ही दोघी. आत्ताचे ३६ आले. आठवणीतले ११. आकडे वाचून दाखवले तर आई गप्पच झाली आणि मग म्हणाली, "अकरा? एवढं वाईट होतं?" माणूस दुखणं किती पटकन विसरतो ना.

मोज्यांच्या प्रश्नाला मात्र जाम हसली. म्हणे आयुष्यात मोजे घातले नाहीत, शाळेत शिकवत होते तेव्हाही नाही, त्या ऐवजी पायाची नखं कापता येतात का विचार. तर नाही येत. उजव्या पायाची नखं मी कापते, आणि ते तिला अजिबात आवडत नाही, पाय पुढे करते आणि तोंड खिडकीकडे. जोडवी पण हॉस्पिटलात काढली होती ती अजून डब्यातच आहेत, स्वतः घालता येत नाहीत आणि मला सांगायला संकोच. हे तिने चार महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं.

अजून एक निघालं. शेजारच्या काकूंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की महिन्याभरात पहिल्यासारखी होशील बघ, माझी नणंद महिन्यात वैष्णोदेवीला जाऊन आली. त्या नणंदेचं काय झालं होतं ते कोणालाच माहीत नाही, गुडघा होता, खुबा होता की नुसतं मणक्याचं इंजेक्शन होतं.

परळची_सिस्टर

ती नणंद प्रत्येक वॉर्डात असते गं.

गोरेगावची_काकू

माझा डावा खुबा बदलून सहा वर्षं झाली, आता ७१ आहे. स्नेहा, आईला सांग मी मांडी घालून बसते. पलंगावर रोज, आणि गौरी-गणपतीत चौरंगावर. पण हे सगळं लगेच नाही, वर्ष झाल्यावर सर्जननी एक्सरे बघून, पाय हलवून बघून स्वतः सांगितलं की हरकत नाही. उकिडवं मात्र आजतागायत नाही. गावी देवगडला जाते तेव्हा कमोडची खुर्ची सोबत असते, तिचे पाय निघतात, एसटीच्या डिकीत मावते. सुरुवातीला सुनेला लाज वाटायची, आता तीच आठवणीने घेते.

पायाच्या नखांसाठी लांब दांड्याचं नेलकटर मिळतं, ऑनलाइन मागव. खाली पडलेलं उचलायला चिमटा मिळतो तो पण घे. मला वाकून वस्तू उचलायची फार सवय, ऑपरेशननंतर घरात सगळे ओरडायचे, वाकू नको वाकू नको, तेव्हा रडायला यायचं. चिमटा आणला आणि घर शांत झालं.

शंकासुर

पण मांडी घालायची नाही असं तर सगळे डॉक्टर सांगतात ना? काकूंचं नशीब चांगलं म्हणून निखळला नाही असं नाही का?

हाडं_मोजणारा

नशीब नाही, दिशा. आपल्याकडे बरीच ऑपरेशनं मागच्या बाजूने करतात. त्यात सांधा निखळण्याची भीती कधी, तर खुबा ९० अंशांच्या वर वाकला, गुडघा आत आला आणि मांडी आतल्या बाजूला फिरली की. म्हणजे पायावर पाय टाकून वाकणं, बुटक्या सोफ्यात धसकन बसणं, खुर्चीत बसल्या बसल्या वाकून पायाच्या बाहेरच्या बाजूची वस्तू उचलणं. मांडी घालताना पाय बाहेरच्या बाजूला उघडतो, त्यामुळे नुसत्या बसण्यात तेवढी भीती नसते. धोका असतो तो खाली बसताना आणि त्याहून जास्त उठताना, कारण तेव्हा माणूस पुढे वाकतो, वळतो आणि हाताने जमीन रेटतो. पुढून केलेल्या ऑपरेशनची पथ्यं परत वेगळी. म्हणून एकाला दिलेली परवानगी दुसऱ्याने उसनी घ्यायची नाही.

बॉलचा साइज पण बघतात. चार्नलीचा बॉल २२ मिलिमीटरचा होता, आता ३२ किंवा ३६ चा घालतात, मोठा बॉल वाटीतून सहज बाहेर येत नाही. त्यामुळे आता पथ्यं थोडी सैल झालीत. पहिले तीन महिने कडक, पुढे सर्जनला विचारून. आणि परवानगी मिळाली की खाली बसायला-उठायला शिकवावं लागतं, समोर खुर्ची ठेवून, गुडघ्यावर येऊन. एकट्याने घरी प्रयोग नको.

बरेच सर्जन सरसकट "खाली बसायचं नाही, कायमचं" सांगून टाकतात, ओपीडीत ४० पेशंट बाहेर बसलेले असतात, त्यांना दोष देत नाही. पण पेशंटला ते जन्मठेपेसारखं लागतं.

लोकलवाला

मला पण कायमचं नाही असंच सांगितलं होतं, मी दुसऱ्या भेटीत परत विचारलं तेव्हा मग सविस्तर बोलले. प्रश्न कागदावर लिहून न्या, आत गेलं की अर्धे विसरतात.

नवखा_ठाणे

मध्येच विचारतो, बाबांचं पुढच्या महिन्यात आहे. सिरॅमिक घ्यायचा की साधा? पॅकेजमध्ये बराच फरक सांगतायत. आणि ते सरकारने भाव कमी केले होते ना?

परळची_सिस्टर

भाव बांधले ते २०१७ मध्ये गुडघ्याचे. गल्लत करू नका, टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्यांच्या टेबलावर वाद घालायला जाल आणि तोंडावर पडाल. सरकारी आरोग्य योजनेत बसत असाल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, आधी भेटा, ऑपरेशन झाल्यावर नाही.

सिरॅमिकचा बॉल आणि चांगल्या क्रॉसलिंक पॉलिथिनची वाटी ही जोडी आता खूप वापरतात, झीज कमी. सिरॅमिकवर सिरॅमिक, म्हणजे बॉल आणि वाटी दोन्ही सिरॅमिकचं, पण असतं, त्यात क्वचित कुईं कुईं आवाज येतो. बाबांचं वय ७५ च्या पुढे असेल तर महागातल्या महागामागे धावायचं कारण नाही, साधा मेटल बॉल आणि चांगली वाटी त्यांना पुरून उरेल. तरुण पेशंटची गोष्ट निराळी. सिमेंट लावायचं की बिनसिमेंटचं हे हाडाच्या प्रतीवर ठरतं, ते सर्जनवर सोडा. नवीन आणि महाग म्हणजे चांगलंच असं समजू नका, मेटलवर मेटल प्रकारातला एएसआर हा हिप २०१० मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतला, तोही नवीन म्हणूनच आला होता. आपल्याकडच्या पेशंटना भरपाईसाठी पुढे किती वर्षं झगडावं लागलं ते पेपरात आलेलंच आहे.

ब्रँडपेक्षा सर्जन असे खुबे नेहमी करतो का, आणि हॉस्पिटलात इन्फेक्शन सांभाळतात का, हे विचारा. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा, दात किडलेले असतील तर ते आधी उरका.

गोरेगावची_काकू

आणि घर आधी तयार करा. पाय पुसणी सगळी उचला, बाथरूममध्ये दांडी, कमोडची सीट उंच, पलंग बुटका असेल तर खाली ठोकळे. ऑपरेशन झाल्यावर प्लंबर शोधत बसू नका.

शंकासुर

एक मात्र विचारू का. सगळे म्हणतायत अपेक्षा समजून घ्या, धीर धरा. पण समजा खरंच काही बिघडलं असेल तर? पेशंट म्हणतो दुखतंय आणि सगळे म्हणतात मनाचे खेळ, असं पण होतं.

परळची_सिस्टर

बरोबर विचारलंत, हे लिहायलाच पाहिजे होतं. जखमेतून पाणी किंवा पू, लाली, ताप, थंडी, किंवा रात्री नुसतं पडून असताना ठणका, हे इन्फेक्शनकडे जातं, त्याच दिवशी फोन करायचा, आणि घरच्या घरी अँटिबायोटिक अजिबात सुरू करायचं नाही, नंतर तपासणीत जंतूच सापडत नाही. पोटरी सुजली, दुखली तर रक्ताच्या गाठीची शंका. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. बरं चाललेलं असताना मध्येच नव्याने दुखायला लागलं, खास करून उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना मांडीत किंवा जांघेत, तर सांधा सैल झालाय का बघावं लागतं. आणि अचानक कळ येऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसला तर निखळला समजायचं, ओढाताण न करता हॉस्पिटल.

या कशातच न बसणारी कुरकुर असेल तर कंबरेचा मणका पण तपासा. खुबा आणि कंबर दोन्ही बिघडलेली माणसं खूप असतात, खुबा बदलतो, कंबर तीच राहते, आणि शिव्या नव्या खुब्याला बसतात.

स्नेहा_मुलुंड

यातलं काहीच नाहीये आईला, तरी फॉलोअपला सगळं विचारून आलो, या वेळी कागदावर लिहून. सर्जन म्हणाले पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल, तोही जाईल असं नाही पण जाणवणं कमी होईल. लंगडण्याला व्यायाम. खाली बसायचं विचारलं तर आधी नाहीच म्हणाले, मग आई स्वतः बोलली, भजनाचं सांगितलं, तर म्हणाले वर्ष होऊ दे, एक्सरे काढू, मग फिजिओकडून शिकून घ्या, पण उकिडवं नाही. दादा पण होता बरोबर. बाहेर आल्यावर म्हणाला मला वाटलं होतं हिला पैशांची किंमतच नाही. मग दोघं एकमेकांशी बोलले नाहीत पण वडापाव त्याने आणला तिच्यासाठी, त्यामुळे मिटलं असं मी धरते.

फिजिओ परत सुरू केला, आठवड्यातून दोन दिवस. काठी डाव्या हातात. पहिल्या दिवशी चिडली, आता जमतंय. मंडळातल्या बायकांशी मी परस्पर बोलले, तर कळलं की गुडघ्यांमुळे अजून तिघी खाली बसायला रडतायत पण बोलायची हिंमत नव्हती. पुढच्या गुरुवारी चार खुर्च्या असणार आहेत. आईला विचारलं तर "बघू" म्हणाली, पण टाळ शोधत होती दुपारी.

खवचट_आजोबा

चार खुर्च्या म्हणजे आता सतरंजीवाल्या मागे बसतील.

नवखा_ठाणे

सगळ्यांचे आभार, बाबांना हा धागा वाचून दाखवतो. शेवटचं, विमानतळावर प्रॉब्लेम येतो का? ते बहिणीकडे बंगलोरला जातात.

लोकलवाला

वाजतं. मेट्रोत पण वाजतं, मॉलमध्ये पण. खुबा बदललाय म्हटलं की हाताने तपासतात आणि सोडतात. पुढे एमआरआय सांगितला तर होतो, फक्त सांधा बदललाय हे आधी सांगायचं. आणि डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात, कंपनी, साइज, लॉट नंबर, त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पंधरा-वीस वर्षांनी वाटी बदलायची वेळ आली तर सर्जन आधी तेच विचारतो.

स्नेहा_मुलुंड

आमच्या फाइलमध्ये स्टिकर दिसत नाहीयेत, नुसती समरी आहे.

परळची_सिस्टर

ओटी नोट्समध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीत असतील. हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्डला अर्ज दे, आयपीडी नंबर (अ‍ॅडमिट झाल्याचा) टाकून, झेरॉक्स मिळते. आत्ताच मागून घे.